संभाषणाची आकृती : क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामध्ये काय घडते

संगणकावर चालणारा कोणताही मोठा व्यवहार घेतला, मग तो बँकेतील खात्याचा असो, रेल्वेच्या आरक्षणाचा असो, की महसूल खात्याच्या सातबाऱ्याचा असो, त्याच्या मुळाशी दोन पक्षांमधील एक संभाषण असते. विचारणाऱ्या पक्षाला क्लायंट म्हणतात. माहितीचा साठा सांभाळून विचारलेल्याचे उत्तर देणारा पक्ष तो सर्व्हर. या दोघांनी परस्परांशी कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत बोलावे याचे जे नियम आगाऊ ठरलेले असतात, त्यांना प्रोटोकॉल अशी संज्ञा आहे. हे संभाषण अदृश्य असते. तारेतून वाहणारे बाइट डोळ्यांना दिसत नाहीत आणि दिसले तरी त्यांचा अर्थ सहज उलगडणारा नसतो. म्हणून ज्यांना हे शास्त्र शिकायचे आहे, शिकवायचे आहे किंवा त्यातील बिघाड शोधायचा आहे, त्यांनी या संभाषणाचे चित्र काढण्याची पद्धत पाडली. ते चित्र कसे काढावे, त्याने काय दाखवावे, आणि विशेषतः काय दाखवल्यावाचून राहू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनास मूर्त आधार हवा म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचा प्रोटोकॉल आपण उदाहरणादाखल घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये ज्या संशोधनास आरंभ झाला, त्यातून हा डेटाबेस जन्मास आला. १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेस्क्यूएल हे आजचे नाव मिळाले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७.४ या आवृत्तीबरोबर त्याच्या संभाषणाच्या नियमांची तिसरी संहिता अंमलात आली. ती संहिता आजही मूळ स्वरूपात चालू आहे. २०२५ मध्ये अठराव्या आवृत्तीने तीत ३.२ या क्रमांकाची किरकोळ सुधारणा केली, परंतु तत्पूर्वीच्या बावीस वर्षांत लिहिलेले क्लायंट आजच्या सर्व्हरशी विनातक्रार बोलू शकतात. इतके दीर्घायुष्य लाभलेली आणि सर्वांना खुली असलेली नियमावली अभ्यासाला घेणे सर्वथा सोयीचे होय.

संभाषणाचे चित्र एकच नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एकेका संदेशाची अंतर्गत घडण दाखवणारे चित्र वेगळे, अनेक संदेशांचा कालक्रम दाखवणारे वेगळे आणि कोणत्या क्षणी काय बोलण्याची मुभा आहे हे सांगणारे आणखी वेगळे. पहिल्या आकृतीला आपण रचनाकृती म्हणू, दुसरीला क्रमाकृती, तिसरीला अवस्थाकृती. या तिघींची कार्ये भिन्न असून, एकीचे काम दुसरीवर लादले की चित्र गोंधळते आणि पाहणाराही गोंधळतो.

रचनाकृतीपासून प्रारंभ करू. समजा, क्लायंटने सर्व्हरला शक्य तितका छोटा प्रश्न विचारला: ‘सिलेक्ट १;’, म्हणजे ‘एक हा आकडा मला परत दे’. या प्रश्नासाठी तारेवर जाणारे बाइट अनुक्रमे असे असतात: ८१, मग ०, ०, ०, १४, मग ८३, ६९, ७६, ६९, ६७, ८४, ३२, ४९, ५९ आणि शेवटी ०. आकड्यांची ही रांग नुसती पाहून कोणाला काही बोध होणार नाही. पण तीच रांग एका आडव्या पट्टीत मांडून तिच्यावर उभ्या रेघा ओढल्या की रचना उघड होते. पहिल्या रकान्यात एकच बाइट: ८१ म्हणजे रोमन लिपीतील ‘क्यू’ हे अक्षर, आणि ते सांगते की हा संदेश प्रश्नाचा आहे. दुसऱ्या रकान्यात चार बाइटांची संख्या, जिचे मूल्य १४, ती संदेशाची लांबी. तिसऱ्या रकान्यात प्रश्नाचे शब्द: रोमन लिपीतील सहा अक्षरे, एक मोकळी जागा, एकचा आकडा आणि अर्धविराम. चौथ्या रकान्यात मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य. एकूण पंधरा बाइट.

येथे चिकित्सक वाचक थबकेल आणि विचारील की, बाइट पंधरा असताना लांबी चौदा का नोंदवली? उत्तर असे की, लांबीच्या गणनेत लांबीचा स्वतःचा चार बाइटांचा रकाना धरला जातो, परंतु आरंभीचे प्रकारदर्शक अक्षर धरले जात नाही. नियमावलीत ही गोष्ट एका वाक्यात सांगितलेली आहे, आणि ते वाक्य वाचूनही नवशिक्या कार्यक्रमकाराची गणना एका बाइटाने चुकते. रचनाकृतीत मात्र लांबीच्या रकान्यापासून संदेशाच्या अखेरपर्यंत पट्टीखाली एक कंस काढून त्यावर १४ हा आकडा लिहिला की शंकेस जागाच उरत नाही. चित्राची उपयुक्तता ती हीच: ज्या ठिकाणी वाक्य वाचूनही मन घसरते, नेमक्या त्या ठिकाणी डोळ्याला आधार देणे.

सर्व्हरचे उत्तर याहून विस्तृत असते. प्रथम ‘टी’ अक्षराचा चौतीस बाइटांचा संदेश येतो. त्यात उत्तराच्या स्तंभाचे नाव, प्रकार आणि आकार यांचा तपशील असतो. मग ‘डी’ अक्षराचा बारा बाइटांचा संदेश, ज्यात प्रत्यक्ष माहितीची एक ओळ. मग ‘सी’ अक्षराचा चौदा बाइटांचा, काम पुरे झाल्याचा दाखला. आणि अखेरीस ‘झेड’ अक्षराचा सहा बाइटांचा संदेश, ज्याचा अर्थ ‘मी पुढील प्रश्नास सिद्ध आहे’. पंधरा बाइटांच्या प्रश्नाला सहासष्ट बाइटांचे उत्तर, आणि त्यांतील जे मागितले होते ते, म्हणजे एकचा आकडा, केवळ एका बाइटाचे! उरलेले सारे बाइट त्या एका बाइटाचा अर्थ निःसंदिग्ध राहावा यासाठी खर्ची पडलेले असतात. संभाषणाच्या शिस्तीची ही किंमत आहे, आणि प्रमाणबद्ध पट्टी काढली तर ती एका दृष्टिक्षेपात मोजता येते.

मराठी वाचकाने या पट्टीवर आपल्या लिपीचाही एक प्रयोग करून पाहावा. उत्तरातील मूल्य ‘पुणे’ असे असेल, तर आपण त्यात दोन अक्षरे मोजतो. संगणकाच्या युनिकोड व्यवस्थेत मात्र तेथे चार चिन्हे असतात: प, उकार, ण आणि एकार, आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापत असल्यामुळे तारेवर बारा बाइट जातात. माहितीच्या ओळीतील लांबीच्या रकान्यात म्हणूनच १२ लिहिले जाते. बाइटांऐवजी २ किंवा ४ चिन्हे मोजून वाचणारा क्लायंट देवनागरी मजकुराची मोडतोड केल्यावाचून राहत नाही. याच रकान्यात कधी ० येतो तर कधी उणे १. शून्याचा अर्थ ‘मूल्य आहे, पण ते रिकामे आहे’. उणे एकचा अर्थ ‘मूल्यच नाही’. ज्याने आपला पत्ता कोरा ठेवला तो मनुष्य आणि ज्याचा पत्ता कधी विचारलाच गेला नाही तो मनुष्य, यांमधील भेद या एका रकान्यात साठवलेला असतो, आणि रचनाकृतीत या दोन्ही स्थिती शेजारी शेजारी काढून दाखवणे हे चित्रकर्त्याचे कर्तव्य होय.

आता क्रमाकृतीकडे वळू. काळ आणि स्थळ यांना एकाच कागदावर आणण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेखपद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पॅरिस ते ल्याँ या मार्गावरील आगगाड्यांचे वेळापत्रक तिरप्या रेषांनी मांडलेले आहे: एका अक्षावर स्थानके, दुसऱ्यावर तास, आणि प्रत्येक गाडीची एक रेषा, जी जितकी खडी तितकी गाडी वेगवान. रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे गाड्यांची गाठ पडते. आपल्याकडील रेल्वेच्या नियंत्रण-कक्षांतही याच तऱ्हेचे तक्ते पेन्सिलीने भरण्याचा शिरस्ता दीर्घकाळ होता. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये, अनेक संगणकांमध्ये घडणाऱ्या घटनांचा पूर्वापर क्रम कसा ठरवावा याविषयी जो मूलगामी निबंध प्रसिद्ध केला, त्यातील आकृत्याही याच कुळातल्या: प्रत्येक प्रक्रियेसाठी एक उभी रेषा, तिच्यावरील घटना म्हणजे ठिपके, आणि एका रेषेकडून दुसरीकडे जाणारे संदेश म्हणजे नागमोडी रेषा. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने झेड.१२० या शिफारशीने या चित्रपद्धतीला प्रमाणरूप दिले, आणि १९९७ मध्ये मान्यता पावलेल्या यूएमएल या चिन्हभाषेने ती कार्यक्रमकारांच्या घरोघरी पोहोचवली.

पोस्टग्रेसच्या संभाषणाची क्रमाकृती काढताना डावीकडे क्लायंटची आणि उजवीकडे सर्व्हरची उभी रेषा ओढावी. काळ वरून खाली वाहतो असे समजावे. पहिला बाण डावीकडून उजवीकडे जातो. हीसुद्धा ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे, कारण मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये जोडणी होताच सर्व्हर प्रथम बोलतो, आणि त्याच्या आकृतीतील पहिला बाण उजवीकडून डावीकडे येतो. दोन आकृत्या शेजारी ठेवल्या की, जो भेद नियमावल्यांची पाने चाळून हाती लागायचा, तो दुरूनही दिसतो. पोस्टग्रेसचा क्लायंट सामान्यतः आरंभी आठ बाइटांची विनंती करतो, की आपले बोलणे कूटबद्ध करावयाचे आहे. सर्व्हर एकाच अक्षराने होकार किंवा नकार देतो. होकार मिळाल्यावर कूटबद्धतेची पूर्वतयारी होते आणि मग क्लायंट आपला परिचय देतो: प्रोटोकॉलचा क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, कोणता डेटाबेस हवा ते नाव. परिचयाच्या या संदेशाला आणि त्याआधीच्या विनंतीला आरंभीचे प्रकारदर्शक अक्षर नसते. जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला हा अपवाद रचनाकृतीत वेगळ्या रंगाने दाखवणे इष्ट.

यानंतर ओळख पटवण्याचा विधी येतो, आणि क्रमाकृतीचे सामर्थ्य येथे पुरतेपणी प्रत्ययास येते. २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध झालेल्या स्क्रॅम या पद्धतीत गुपित शब्द तारेवरून कधीच जात नाही. क्लायंट एक यादृच्छिक मजकूर पाठवतो. सर्व्हर त्यात आपली भर घालून, सोबत ‘मीठ’ म्हणून ओळखली जाणारी संख्या आणि गणिती प्रक्रिया किती वेळा करावी तो आकडा, जो सामान्यतः ४०९६ असतो, कळवतो. क्लायंट त्यावरून सिद्ध केलेला पुरावा धाडतो. आणि सर्व्हर तो पारखून आपलाही पुरावा परत देतो. चार बाण, एकाआड एक दिशेचे. शेवटचा बाण पुष्कळ जण गाळतात, कारण क्लायंटची ओळख तर तिसऱ्याच बाणाने पटलेली असते. परंतु त्या चौथ्या बाणात या पद्धतीचा अर्धा अर्थ सामावलेला आहे: गुपित जाणणाऱ्या खऱ्या सर्व्हरशीच आपण बोलत आहोत, एखाद्या तोतयाशी नव्हे, याची खात्री क्लायंटला त्यानेच होते. तो बाण गाळलेली आकृती परस्परांच्या ओळखीला एकतर्फी तपासणीचे रूप देते, आणि शिकणाऱ्याच्या मनात चुकीची कल्पना कायमची रुजवते.

बाण आडवा काढावा की तिरपा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते साऱ्या क्रमाकृतीचे मर्म त्यात आहे. बहुसंख्य पुस्तकांत बाण सरळ आडवे काढलेले असतात. जणू संदेश निघताक्षणीच पोहोचतो. वस्तुतः काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर या वेगाने धावतो. म्हणजे चार हजार किलोमीटर लांबीच्या मार्गाने सर्व्हर गाठायचा, तर जाण्यास वीस आणि येण्यास वीस असे चाळीस सहस्रांश सेकंद केवळ प्रवासात जातात, सर्व्हरने काम किती त्वरेने केले याचा त्यात काहीच संबंध नसतो. एखाद्या कार्यक्रमाने एका यादीतील शंभर नोंदींसाठी शंभर प्रश्न एकामागून एक, प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहून, विचारले, तर चार सेकंद प्रवासातच खर्ची पडतात, आणि वापरणारा मनुष्य मात्र डेटाबेस मंद आहे असे म्हणून सर्व्हरला दोष देतो. आडव्या बाणांच्या आकृतीत हा विलंब दिसतच नाही. तिरपे बाण काढले, उतार अंतराच्या प्रमाणात ठेवला, की कागदावर एक लांबलचक नागमोडी जिना तयार होतो आणि दोष कोणाचा ते सांगण्याची गरजच उरत नाही.

या दुखण्यावरील उतारा प्रोटोकॉलमध्येच आहे, आणि तो म्हणजे प्रश्न विचारण्याची विस्तृत पद्धत. वर आपण पाहिली ती साधी पद्धत, जीत सारा प्रश्न एका संदेशात जातो. विस्तृत पद्धतीत त्याचे तुकडे पाडलेले असतात: ‘पार्स’ या संदेशाने प्रश्नाचा साचा सर्व्हरकडे नोंदवायचा, ‘बाइंड’ने त्यातील रिकाम्या जागी मूल्ये बसवायची, ‘डिस्क्राइब’ने उत्तराच्या स्वरूपाची पृच्छा करायची, ‘एक्झिक्यूट’ने अंमलबजावणी करवून घ्यायची आणि ‘सिंक’ने या साऱ्याचा समारोप करायचा. छापील अर्जाचा नमुना एकदा मंजूर करून घ्यावा आणि मग प्रत्येक वेळी केवळ रकान्यांत नावे भरून तो दाखल करावा, तसा हा प्रकार आहे. यात एक मोठा संरक्षक गुण अनायासे साधतो: वापरणाऱ्याने भरलेले मूल्य प्रश्नाच्या शब्दांपासून निराळ्या संदेशात, निराळ्या रकान्यात जात असल्यामुळे, त्या मूल्यात कोणी कपटाने आज्ञेचे शब्द दडवले तरी सर्व्हर त्यांना मूल्यच समजतो. शब्दांच्या सरमिसळीतून होणाऱ्या घुसखोरीपासून एवढा खात्रीचा बचाव दुसरा क्वचितच असेल.

विलंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हे पाचही संदेश उत्तराची वाट न पाहता पाठोपाठ धाडता येतात. इतकेच काय, चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या क्लायंट-ग्रंथालयात पाइपलाइन नावाची जी सोय झाली, तिच्यायोगे शंभरही प्रश्न एकापाठोपाठ सोडून देता येतात आणि उत्तरे त्याच क्रमाने परत येतात. आकृतीत पूर्वीचा नागमोडी जिना जाऊन त्या जागी समांतर तिरप्या रेषांचा एक दाट पट्टा येतो, आणि प्रवासाचे चार सेकंद चाळीस सहस्रांशांच्या आसपास येऊन ठेपतात. दोन्ही आकृत्या एकाच प्रमाणात, एकाच कागदावर काढाव्यात. ज्याने त्या एकदा पाहिल्या, तो पुढे आयुष्यात एकेक नोंद मागणारा कार्यक्रम लिहिताना दोनदा विचार करील.

येथपर्यंत सारे सुरळीत चालले आहे असे आपण गृहीत धरले. पण संभाषण बिघडते तेव्हा काय? समजा, पाठोपाठ सोडलेल्या संदेशांपैकी दुसऱ्याच प्रश्नात शून्याने भागाकार झाला. सर्व्हर ‘ई’ अक्षराचा दोषसंदेश पाठवतो, त्यात पाच चिन्हांचा संकेतांक असतो, या बाबतीत २२०१२. आणि त्यानंतर ‘सिंक’ येईपर्यंतचे सर्व संदेश तो वाचतो पण त्यांची अंमलबजावणी न करता टाकून देतो. ‘सिंक’ आला की पुनश्च ‘झेड’ पाठवून तो सिद्ध होतो. क्लायंटने तर ते मधले संदेश आधीच पाठवलेले असतात आणि त्यांची उत्तरे येतील या अपेक्षेने तो बसलेला असतो. म्हणून क्रमाकृतीत दोषाच्या क्षणापासून ‘सिंक’पर्यंत सर्व्हरच्या रेषेवर एक काळी पट्टी काढावी आणि त्या पट्टीत शिरणारे बाण तेथेच संपलेले दाखवावेत. क्लायंट लिहिणाऱ्याला ही पट्टी कळली नाही, तर कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे याचा हिशेब चुकतो, आणि एका ग्राहकाचे उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडण्याइतका अनर्थ संभवतो.

‘कोणत्या स्थितीत काय ग्राह्य’ हा जो प्रश्न येथे उपस्थित होतो, त्याचे उत्तर देणे हे अवस्थाकृतीचे कार्य. या जातीच्या आकृतीचा विख्यात नमुना म्हणजे इंटरनेटच्या वाहतुकीचा पाया असलेल्या टीसीपी या प्रोटोकॉलच्या १९८१ मधील संहितेतील चित्र, जे केवळ टंकलेखनाच्या चिन्हांनी, उभ्या-आडव्या रेघांनी आणि अधिक चिन्हांनी काढलेले असूनही आजतागायत पाठ्यपुस्तकांत पुनर्मुद्रित होत आले आहे. क्रमाकृती एका विशिष्ट संभाषणाची हकीकत सांगते. अवस्थाकृती सर्व संभाव्य संभाषणांचा कायदा सांगते. पोस्टग्रेसमध्ये या कायद्याचा सारांश ‘झेड’ संदेशाच्या अखेरच्या एका बाइटात असतो. तेथे ‘आय’ असेल तर कोणतेही ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकसंध पार पाडायचा आज्ञांचा गट, चालू नाही. ‘टी’ असेल तर ते चालू आहे. आणि ‘ई’ असेल तर ते दोषग्रस्त झालेले असून, माघार घेऊन ते मोडल्यावाचून सर्व्हर दुसरी कोणतीही आज्ञा मानणार नाही. तीन वर्तुळे आणि त्यांना जोडणारे बाण एवढेच चित्र, पण व्यवहार अर्धवट लटकत ठेवणाऱ्या कितीतरी कार्यक्रमांचे निदान त्याने होते.

आणखी एक प्रसंग असा आहे की तो दोन उभ्या रेषांच्या आकृतीत मावतच नाही. दीर्घकाळ चालणारा प्रश्न मध्येच थांबवायचा असेल तर क्लायंट त्याच जोडणीवरून तसे सांगत नाही. कारण सर्व्हरचा तो कामकरी प्रश्नात गुंतलेला असतो आणि ऐकत नसतो. क्लायंट एक नवी जोडणी उघडतो आणि तिच्यावरून, आरंभी मिळालेला प्रक्रिया-क्रमांक आणि गुप्त किल्ली धाडून, रद्द करण्याची विनंती करतो. पोस्टग्रेसमध्ये नव्या जोडण्यांचे स्वागत करणारी एक मुख्य प्रक्रिया असते, जिला परंपरेने पोस्टमास्टर म्हणतात. ती प्रत्येक क्लायंटसाठी स्वतंत्र कामकरी प्रक्रिया निर्माण करते. तेव्हा आपण ज्याला एक ‘सर्व्हर’ म्हणून एका रेषेने दाखवत होतो, ती वास्तविक एक संस्था असून आकृतीत तिच्या किमान दोन रेषा हव्यात, हे या प्रसंगी उमगते. विनंतीला उत्तर कधीच येत नाही, तो बाण एकमार्गी असतो. आणि विनंती पोहोचेपर्यंत पहिला प्रश्न संपून क्लायंटने दुसरा विचारला असेल, तर चुकून दुसराच रद्द होण्याचा संभव असतो. तिरपे बाण काढणाऱ्याला हा संभव रेषांच्या छेदात स्वच्छ दिसतो. आडवे बाण काढणाऱ्याला तो कल्पनेनेही सुचणे कठीण.

चित्रातील रेषेचे स्थान किती निर्णायक ठरू शकते याचा एक दाखला देतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पोस्टग्रेसच्या संघाने एक सुरक्षादोष जाहीर करून दुरुस्त केला. कूटबद्धतेची विनंती आणि कूटबद्धतेचा प्रत्यक्ष आरंभ यांमध्ये जी फट असते, तीत मार्गात दबा धरून बसलेल्या त्रयस्थाने काही उघडे बाइट घुसवले, तर सर्व्हर ते विनंतीबरोबरच वाचून आपल्या साठवणीत ठेवी, आणि पुढे बोलणे कूटबद्ध झाल्यावर ते जणू सुरक्षित मार्गाने आले आहेत असे समजून त्यांवर प्रक्रिया करी. विशिष्ट प्रकारच्या ओळख-व्यवस्थेत यायोगे त्रयस्थाला आपल्या आज्ञा आत सरकवता येत. दुरुस्ती साधी होती: त्या फटीत जादा बाइट आढळले तर जोडणी नाकारावी. क्रमाकृतीत कूटबद्धतेच्या आरंभी दोन्ही उभ्या रेषांना छेदणारी एक जाड आडवी रेघ ओढली आणि ‘रेघेच्या वर आलेला कोणताही बाइट रेघेखाली वापरला जाणार नाही’ असा नियम तिच्याशी लिहिला, तर दोषाचे स्वरूप आणि त्याचा उपाय ही दोन्ही एकाच रेघेत व्यक्त होतात.

आज अशी चित्रे हाताने काढावीच लागतात असे नाही. १९९८ मध्ये गेराल्ड कोम्ब्स यांनी ज्याचा आरंभ केला आणि २००६ पासून जे वायरशार्क या नावाने ओळखले जाते, ते मुक्त साधन तारेवरील बाइट पकडून पोस्टग्रेसच्या संदेशांचे रकाने पाडून दाखवते आणि संदेशांच्या येण्याजाण्याचा आलेखही काढून देते. परंतु यंत्राने काढलेले चित्र जे घडले तेवढेच दाखवते. जे घडू शकले असते आणि घडू नये, ते नियम जाणणाऱ्या मनुष्यानेच रेखाटावे लागते. यंत्राच्या चित्रावरून वस्तुस्थितीची रुजवात घ्यावी, आणि आपल्या हातच्या चित्राने तिचा अर्थ लावावा, हाच या दोहोंचा योग्य संबंध होय.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. प्रोटोकॉलची जी आकृती केवळ सुरळीत पार पडलेले संभाषण दाखवते, ती अर्धीच खरी असते, आणि अर्धे सत्य येथे अज्ञानाहून अधिक घातक ठरते, कारण ते पाहणाऱ्याला समजल्याचा भास करून देते. बाण तिरपे हवेत, कारण काळ लागतो. काळी पट्टी हवी, कारण दोष घडतात. तिसरी रेषा हवी, कारण सर्व्हर एकसंध नसतो. आणि कूटबद्धतेची रेघ हवी, कारण मार्गात त्रयस्थ असू शकतो. आमच्या महाविद्यालयांतून डेटाबेस हा विषय शिकवला जातो तेव्हा कोष्टकांची रचना आणि प्रश्नांची भाषा यांवर पुष्कळ तास खर्च होतात, पण प्रश्न क्लायंटकडून सर्व्हरकडे नेमका कसा जातो याला बहुधा एखादे पान मिळते. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी विद्यार्थ्यांकडून ‘सिलेक्ट १;’ या एका प्रश्नाचे पंधरा आणि त्याच्या उत्तराचे सहासष्ट बाइट प्रत्यक्ष पकडवून घ्यावेत, त्यांची पट्टी आणि क्रमाकृती कागदावर काढवून घ्यावी, आणि मग त्याच कागदावर, ते संभाषण कोठे कोठे मोडू शकते त्या जागा दाखवायला सांगावे. या कामाला एक संगणक, एक मोफत साधन आणि एक पट्टी-पेन्सिल एवढेच साहित्य पुरते.